फळ्यावरून पुसलेला नकार

आमच्या ज्ञातीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. स्थळ पसंत नसेल तर माणसं हसून म्हणतात, "घरी विचारून कळवतो." मग ती कळवत नाहीत. समोरच्याने काय ते आपल्या अकलेने समजून घ्यायचं असतं. याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. मी याला भित्रेपणा म्हणते. तसं म्हणायचा मला अधिकार आहे, कारण हा भित्रेपणा यंत्रात बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि त्या यंत्रात माझी सख्खी थोरली बहीण अडकली.

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या कंपनीत काम करते. पूर्वी तिथे कसलातरी कारखाना होता, तो बंद पडला आणि त्याच्या गाळ्यात आम्ही खुर्च्या टाकून बसलो. वेब ॲप्लिकेशनमधला ज्याला सगळे 'लाइव्ह' म्हणतात तो भाग मी लिहिते. साधी वेबसाइट म्हणजे पोस्टाची खिडकी. आपण विचारायचं, आतून उत्तर येतं, विषय संपला. पुन्हा काही हवं असेल तर पुन्हा जाऊन विचारायचं. लाइव्हमध्ये तसं नसतं. तुमचा फोन आणि आमचा सर्व्हर यांच्यातली लाइन उघडीच राहते, आणि कुणी न विचारताही सर्व्हर आपणहून बोलू शकतो. थोड्या थोड्या वेळाने तो फोनला विचारतो, "आहेस का?" आणि फोन म्हणतो, "आहे." हे तुमच्या नकळत दिवसभर चालू असतं.

लाइन उघडी असली की कोण काय बोलणार याला शिस्त लावावी लागते, नाहीतर लग्नघरासारखा कल्ला होतो. म्हणून मी कोडची एक ओळही लिहायच्या आधी फळ्यावर चार रकाने आखते. निरोपाचं नाव काय, तो कोण पाठवणार, कुणाकुणाला जाणार आणि गेल्यावर काय होणार. काही निरोप एकालाच जातात, काही दोघांत राहतात, काही जोडलेल्या सगळ्यांना जातात. या तक्त्यात ज्या गोष्टीला नाव नाही ती गोष्ट सर्व्हरच्या दृष्टीने घडतच नाही. माणूस कितीही रडला, वाट बघून म्हातारा झाला, तरी सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो.

ज्ञातीच्या वधूवर मंडळाचं काम आमच्या कंपनीकडे आलं ते बाबांमुळे. बाबा मंडळाच्या कमिटीवर होते. निवृत्तीनंतर माणसाला कुठेतरी खुर्ची लागते, तशी त्यांना ती मिळाली होती. "माझी धाकटी हेच करते," असं त्यांनी भर सभेत अभिमानाने सांगून टाकलं. 'लग्न करणार नाही असं जाहीर केलेली धाकटी' असंही ते म्हणू शकले असते, पण तो विषय ते सभेत काढत नसत.

मंडळाचं कार्यालय कल्याणला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली फरसाणाचं दुकान, त्यामुळे ज्ञातीतल्या सगळ्या सोयरिकी गाठियाच्या वासात जुळल्या आहेत. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचे. भाषा स्वच्छ, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात ते सांगतील ती पूर्वदिशा.

मी फळ्यावर रकाने आखले आणि विचारलं, "स्थळं एकमेकांना काय काय सांगतात? एकेक सांगा, मी लिहिते."

आधी ठरलं की कुणाला मनाने काही टाइप करता येणार नाही. "मुलंमुली परस्पर बोलू लागली तर मंडळ हवंय कशाला?" असं खजिनदार म्हणाले, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. तेव्हा ठरलेली वाक्यं, त्यांची बटणं, बटण दाबलं की समोरच्याला निरोप. पत्रिका पाहिली. फोटो पाहिला. भेट ठरवू या. घरी विचारून कळवतो. होकार. मी एकेक लिहीत गेले आणि 'होकार'च्या खाली सहज 'नकार' लिहिलं.

अध्यक्ष उठले. डस्टर माझ्या हाताजवळ होतं, पण त्यांनी ते घेतलं नाही. तळहातानेच तो शब्द पुसला आणि रुमालाला हात पुसत म्हणाले, "आपल्यात असं तोंडावर बोलत नाहीत, बाळ."

"काका, पण पसंत नसेल तर?"

"तर ते कळवत नाहीत. समोरच्याला कळतं."

"माणसाला कळतं. सर्व्हरला कसं कळणार?"

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी तडजोड म्हणून 'पत्रिका जुळत नाही' असं बटण सुचवलं. त्यावर कमिटीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, पत्रिका बघूनच भेट ठरवतात ना? मग भेटीनंतर काय पत्रिका बदलली मधल्यामधे?" पुन्हा हशा. तेही गेलं.

मग खरा नियम आला. भेट ठरली की 'बोलणी चालू' असं दिसायचं, आणि बोलणी चालू आहेत तोवर मुलीचं नाव यादीतून झाकायचं. एका वेळी मुलीची दोन ठिकाणी बोलणी चालू असणं बरं दिसत नाही. मुलाचं नाव मात्र उघडं ठेवायचं. "मुलांना जरा मोकळीक लागते," अध्यक्ष म्हणाले. मी विचारलं, मग मुलीचं नाव पुन्हा उघडणार कधी? मुलाकडच्यांनी कार्यालयात येऊन बोलणी थांबल्याचं सांगितलं की. आणि मुलीकडच्यांना थांबवायचं असलं तर? "मुलीकडून मोडलं अशी नोंद कुठे होऊ नये. मुलीच्याच भल्यासाठी सांगतोय." मी म्हटलं, निदान मुदत घालू. ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव आपोआप उघडेल.

"स्थळ म्हणजे काय दुधाची पिशवी आहे, वर तारीख छापायला?" अध्यक्षांनी विचारलं.

टेबलाखालून आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकाने, माझ्या बुटावर बूट ठेवला. परतताना मला म्हणाले, "तू कशाला डोकं लावतेस यार? क्लायंटला जे पाहिजे ते दे ना." बाबा त्या बैठकीत पूर्ण वेळ चष्मा पुसत होते. इतका मळलेला चष्मा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

मी काम केलं, आणि उत्तम केलं. त्या कामात चूक काढून दाखवावी कुणी. कसाऱ्याच्या बाजूला जिथे रेंज येते-जाते तिथे, खडवलीलासुद्धा, लाइन तुटली तरी निरोप हरवत नव्हता. पुन्हा जोडली गेली की अडकलेले निरोप क्रमाने पोचायचे आणि प्रत्येकाची पोच यायची. कोण आत्ता ॲपवर आहे हे दाखवायला नावापुढे हिरवा ठिपका होता. तो अध्यक्षांनीच मागून घेतला होता. मेळाव्यात कोण आलंय हे दिसायला नको का, असं त्यांचं म्हणणं. लग्न ठरलं की कार्यालयातून 'शुभवार्ता' पाठवायची, ती सगळ्यांना एकाच क्षणी जाणार, जोडप्याचा फोटो आणि खाली पेढ्यांचं चित्र. मी तेव्हाही विचारलं होतं की ज्या मुलाचं जमलं त्याच्या बाकीच्या बोलण्यांचं काय करायचं? अध्यक्ष म्हणाले, "शुभवार्ता सगळ्यांना जातेच की. ज्याला कळायचं त्याला कळतं."

आता ताईबद्दल. ताई डोंबिवलीत एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. माल पास की नापास ते ती ठरवते. पस्तिशी ओलांडलेली, बोलायला फटकळ, हसायला मोठी. आईला तिचं हसणं फार मोठं वाटतं. मी लग्नाचा विषय बंद केल्यावर घरातली सगळी हौस आणि सगळी काळजी तिच्या एकटीच्या वाट्याला आली. तिला लग्न करायचं होतं, आणि हे ती लपवत नसे. "मला पाहिजे गं कुणीतरी घरी भांडायला," म्हणायची. "तुझ्याशी भांडून कंटाळा आला."

स्थळ टिटवाळ्याचं होतं. नव्या इमारतीत नवा फ्लॅट, मुलगा नोकरीत, आई-वडील आणि तो. भेट गणपतीच्या देवळात ठरली. आमच्याकडे ही सोय आहे. नाही जमलं तर आपण देवदर्शनाला गेलो होतो असं म्हणता येतं. मीही गेले होते. तळ्याच्या काठावर ते दोघं जरा बाजूला उभे राहून बोलले आणि ताई तिचं ते मोठं हसू हसली. तोही हसला. मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते. निघताना त्याच्या आईने ताईला विचारलं, "लॅबमध्ये वासबीस येतो का गं अंगाला?" ताई म्हणाली, "साबण आहे ना काकी." परतताना गाडीत ती खुशीत होती आणि खिडकीतून आंबिवलीकडच्या नव्या इमारती मोजल्यासारखं करत होती.

त्या संध्याकाळी तिच्या फोनवर निरोप आला. घरी विचारून कळवतो.

पूर्वीचे दिवस असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पूर्वी मंडळाच्या एक काकू फोन करायच्या आणि त्यांच्या आवाजावरूनच कळायचं, घोडं कुठे पेंड खातंय ते. मग मुलीकडचे दोन दिवस गप्प बसायचे आणि पुढचं स्थळ बघायचे. आता काकूंच्या जागी मी लिहिलेला सर्व्हर होता. त्याला आवाज नाही. त्याच्याकडे फक्त नावं, आणि नकाराला नाव नाही. ताईच्या फोनवर 'बोलणी चालू' दिसत राहिलं आणि मुलाच्या नावापुढे रोज हिरवा ठिपका लागत राहिला.

तो ठिपका सगळं घर बघायचं. आई भाजी निवडता निवडता विचारायची, "आलाय का गं?" म्हणजे ठिपका. आणि प्रत्येक वेळी तिच्याजवळ नवं कारण असायचं. पितृपक्षात कोण बोलतं, नवरात्रात त्यांच्याकडे घट असतात, दिवाळीत माणसं गडबडीत असतात. पंचांगात एवढी कारणं असतात हे मला तेव्हा कळलं. बाबांना मी म्हटलं, एक फोन करा आणि विचारून टाका. बाबा म्हणाले, "मुलीकडच्यांनी मागे लागलं की किंमत कमी होते." स्वतःच्या मुलीबद्दल बोलताना त्यांनी किंमत हा शब्द वापरला आणि त्यांना तो खटकलाही नाही.

ताई एकदा डबा भरताना म्हणाली, "आमच्याकडे सॅम्पल आलं ना, की पास नाहीतर फेल. मी जर कुणाला 'विचारून कळवते' असा रिपोर्ट दिला तर मला घरी बसवतील."

मधे आईच्या ओळखीतल्या ठाण्याच्या एका बाईंनी ताईला कुणाच्यातरी बारशाला पाहिलं. त्यांच्या पुतण्यासाठी त्यांनी मंडळाच्या यादीत तिला शोधलं. नाव दिसेना. मग आईला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "जमलं वाटतं मोठीचं. छान झालं हो." आईने घरी येऊन पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. मी बाबांकडे पाहिलं. "बोलणी चालू आहेत, तर तेच सांगायचं," बाबा म्हणाले. पुतण्याचं पुढे दुसरीकडे जमलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सर्व्हर उघडून बघितलं. टिटवाळ्याच्या त्या मुलाची आणखीही ठिकाणी बोलणी चालू होती. एका ठिकाणी तर भेटीमागून भेटी. आणि ताई एकटी नव्हती. कितीतरी मुलींची नावं अशीच झाकलेली, भिजत घोंगडी नुसती, आणि प्रत्येकीचा फोन दर थोड्या वेळाने इमानेइतबारे सांगत होता, आहे, आहे, आहे. मी ते सगळं इतकं नीट बांधलं होतं.

घरी येऊन मी ताईला सांगितलं. काही झाकलं नाही. ती बेडवर कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली. मी म्हटलं, "तुझं नाव मी आतून उघडते. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आपलाच बाप आहे ना कमिटीत," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको. बाकीच्या पोरींना तुझ्यासारखी बहीण नाहीये. त्यांनी काय करायचं? तू ना, जाऊन त्यांना ते बटण टाकायला सांग. सरळ. नकार. मला चालेल ऐकायला. मी काय मरत नाही."

मी पुन्हा कल्याणला गेले. कमिटीपुढे उभी राहिले. किती नावं झाकलेली आहेत ते सांगितलं. कुणाचीही नावं न घेता सांगितलं, पण बाबांना कळलं असणारच. मुदत घाला, बटण घाला, काहीतरी घाला, म्हटलं, नाहीतर या मुली ताटकळून म्हाताऱ्या होतील. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुझी तळमळ समजते बाळ. पण एक लक्षात घे. हे ॲप सुरू झाल्यापासून आपल्या मंडळात एकाही मुलीला नकार ऐकावा लागलेला नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे." काकूंनी मान डोलावली. खजिनदारांनी मान डोलावली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात चष्मा होता.

हे मी त्यांना माफ केलेलं नाही. अध्यक्षांना एकवेळ करेन, ते परके आहेत.

शुभवार्ता आली ती रविवारी दुपारी, जेवणं होऊन आम्ही सगळे हॉलमध्ये पसरलो होतो तेव्हा. चौघांचे फोन एकदम वाजले. मी ती तशीच बनवली होती, एकाच क्षणी सगळ्यांना. बाबांनी सवयीने उघडली आणि फोटो नीट दिसायच्या आधीच म्हणाले, "अरे वा, छान झालं." टिटवाळ्याचा मुलगा होता. शेजारी एक मुलगी, गळ्यात हार, खाली पेढे. आईने पदर तोंडाला लावला. शुभवार्तेची पट्टी वर सरकली, आणि ताईच्या फोनवर तिच्याखाली तीच जुनी ओळ, तोच फोटो, त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. बोलणी चालू.

मला वाटलं ती रडेल. ती हसली, पण तिचं नेहमीचं नव्हे, छोटंसं. मग अंगठ्याने काहीतरी दाबायला लागली. 'नाव काढा' दाबत होती. ॲप म्हणालं, "आपली बोलणी चालू आहेत. बोलणी पूर्ण झाल्याशिवाय नाव काढता येणार नाही. आपल्याला मंगल शुभेच्छा." हे वाक्य अध्यक्षांनी स्वहस्ते लिहून दिलं होतं. मी फक्त जागेवर बसवलं होतं.

"दे इकडे," मी म्हटलं. "आत्ता काढते. लॅपटॉप आण."

"तू थांब," ताई म्हणाली. ती उठली आणि बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. फोन त्यांच्यापुढे धरला. "बाबा, तुम्ही कमिटीत आहात ना? मग तुम्ही त्यांना सांगा. माझ्याकडून. मुलीकडून नाही आहे म्हणून सांगा. नोंद करा हवं तर, मुलीने मोडलं म्हणून. एवढं एक माझ्यासाठी करा. पुढे मला कुणी विचारलं नाही तरी चालेल."

आई म्हणाली, "अगं, असं कुठे असतं का?" पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मी बाबांकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं की ते उठतील. शर्ट चढवतील, चप्पल घालतील, कल्याणची गाडी पकडतील. फोनच उचलतील निदान. ताईलाही तसंच वाटत होतं. तिचा हात तसाच पुढे होता आणि तोंडावर लहानपणी असायची तशी खात्री होती.

बाबांनी चष्मा काढला. बनियनच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी.

"असं एकदम नको," ते म्हणाले. "काकांना विचारतो मी. विचारून कळवतो तुला."

ताईने हात खाली घेतला.

"कळलं, बाबा," ती म्हणाली, आणि सोमवारचा लॅबचा कोट इस्त्री करायला आत गेली.